विशेष शिक्षकाची सनद

अंध, बहिऱ्या किंवा मंदबुद्धि मुलांना शिकविण्याचें काम कोणी करतो असें कळलें कीं, ऐकणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो : 'केवढी ही सहनशीलता! केवढी ही दया!' ह्या उद्गारांत सद्भावना असते, आदरही असतो. पण त्याच्या पोटीं एक चुकीची समजूत दडलेली असते. ती अशी कीं, ह्या कामाला मन मऊ असलें म्हणजे पुरे, विद्येची गरज इतर शिक्षकांना. आईच्या मायेला सीमा नसते. तरी मुलाचें हाड मोडलें तर ती त्याला जाणत्या वैद्याकडेच नेते. त्या वैद्याला हाडांचें शास्त्र येत नसलें तरी चालेल, तो दयाळू असला म्हणजे झालें, असें ती म्हणत नाहीं. मग ज्या मुलाला दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, किंवा चारचौघांच्या वेगानें समजत नाहीं, त्याच्या शिक्षणापुरतीच ही कसोटी सैल कां असावी?

ह्या प्रश्नाचें उत्तर भारतानें १९९२ मध्यें एका कायद्यानें दिलें. विशेष शिक्षक होणें हा त्या दिवसापासून केवळ सेवावृत्तीचा विषय राहिला नाहीं. ठरलेलें शिक्षण, ठरलेली परीक्षा आणि सरकारी नोंदवहींतील नांव ह्या तीन गोष्टींवांचून तें काम करतां येत नाहीं असा नियम झाला. हा नियम कोरडा वाटतो. परंतु त्यामागें कोणती विद्या उभी आहे हें पाहिलें, म्हणजे त्याचें मर्म ध्यानांत येतें.

प्रथम अंध मुलाचें उदाहरण घ्यावें. लुई ब्रेल ह्या फ्रेंच तरुणानें १८२९ मध्यें प्रसिद्ध केलेली उठावाच्या सहा टिंबांची लिपि शिक्षकाला आली पाहिजे, हें उघड आहे. पण लिपि येणें हा नुसता आरंभ आहे. धातूच्या पाटीवर टोकदार लेखणीनें लिहितांना टिंबें कागदाच्या मागल्या बाजूनें टोचावीं लागतात. म्हणून लिहावयाचें तें उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचावयाचें तें डावीकडून उजवीकडे. सहा वर्षांच्या मुलाच्या मनांत हा उलटसुलटपणा गोंधळ न होऊं देतां कसा रुजवावा, हें शिकावें लागतें. त्याच्याही आधीं बोटें तयार करावीं लागतात. तांदुळांतून डाळ निवडणें, खरखरीत व गुळगुळीत कापड ओळखणें, दोऱ्यांत मणी ओवणें, असल्या खेळांतून स्पर्शाला धार आली, तरच पुढें टिंबांचीं अक्षरें होतात.

त्यांत मराठीचें म्हणून कांहीं वेगळें आहे. 'किती' हा शब्द छापतांना पहिली वेलांटी 'क'च्या आधीं येते. ब्रेलमध्यें मात्र उच्चार जसा, तसाच क्रम असतो : आधीं क, मग इ, मग त, मग ई. जोडाक्षर लिहितांना स्वर गेल्याची खूण अक्षराच्या पुढें न येतां आधीं येते. पूर्वी हिंदुस्थानांत निरनिराळ्या प्रांतांत ब्रेलच्या निरनिराळ्या लिप्या चालत असत. १९५१ मध्यें सर्व भारतीय भाषांना समाईक अशी भारती ब्रेल निश्चित झाली, तेव्हां हा घोळ मिटला. गणितासाठीं टेलरची पाटी निराळीच असते. तिच्या आठ कोनांच्या भोकांत लहानशी खुंटी ज्या दिशेनें बसवावी, त्यावरून अंक ठरतो. बेरजेचा हातचा कोठें ठेवावयाचा हें मूल बोटांनीं शोधतें. ज्यानें स्वतः डोळे मिटून ह्या पाटीवर भागाकार केला नाहीं, त्यानें तो दुसऱ्यास शिकवूं म्हणणें हें पाण्यांत न उतरतां पोहणें शिकविण्यासारखें आहे.

बहिऱ्या मुलाची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. अंध मूल आईची भाषा जन्मापासून ऐकतें. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानीं ती पडतच नाहीं. भाषा मनांत सहज उतरण्याचीं वर्षें आयुष्याच्या अगदीं आरंभीं येतात आणि निघून जातात. म्हणून ह्या मुलाच्या बाबतींत गेलेलें वर्ष हें केवळ शाळेचें वर्ष नसतें. विचार ज्या साधनानें करावयाचा, तें साधनच तितकें दुबळें राहतें. ह्या शिक्षकाला श्रवणाचा आलेख वाचतां यावा लागतो, कानांतील यंत्राचा बिघाड ओळखतां यावा लागतो, आणि खुणांची भाषा निव्वळ हातवारे नसून तिला स्वतःचें व्याकरण आहे, हें जाणून ती शिकावी लागते.

एका लहानशा परीक्षेवरून ह्या विद्येची कल्पना येईल. वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षक तोंडासमोर कागद धरतो आणि एकेक ध्वनि उच्चारतो : म, ऊ, आ, ई, श, स. मुलाला ध्वनि ऐकूं आला कीं त्यानें एक मणी डब्यांत टाकावयाचा. डॅनियल लिंग ह्या तज्ज्ञाच्या नांवानें ओळखली जाणारी ही परीक्षा दोन मिनिटांत आटोपते. ह्या सहा ध्वनींत बोलण्यांतील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा सगळा पल्ला येतो. मूल 'म' आणि 'ऊ' ऐकतें, पण 'स' ऐकत नाहीं, असें दिसलें, तर वरच्या पट्टीचे आवाज त्याच्यापर्यंत पोहोंचत नाहींत, हें शिक्षकाला तेथल्या तेथें कळतें. तें न कळलें, तर 'घर' आणि 'घरास' ह्यांतील फरक त्या मुलाला ऐकूंच येणार नाहीं. आणि त्याची वही तपासतांना तांबड्या शाईनें खूण होईल ती मात्र त्याच्या निष्काळजीपणाची.

ज्यांची बौद्धिक वाढ मंद आहे, अशा मुलांसाठीं वेगळीच दृष्टि लागते. सदरा घालणें ही आपल्या लेखीं एक कृति; पण तिचे दहा-बारा भाग पडतात. सदरा सुलटा धरणें, पहिला हात अस्तनींत घालणें, दुसरी अस्तनी पाठीमागून शोधणें, गुंडीचें टोक काजांतून ओढणें, ह्यांपैकीं प्रत्येक पायरी स्वतंत्रपणें शिकवावी लागते. कित्येकदां शेवटची पायरी प्रथम शिकवितात, म्हणजे काम पुरें केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशीं मिळतो. मुलाला काय येतें व काय येत नाहीं, हें अदमासानें ठरवीत नाहींत. मद्रासेंत तयार झालेल्या आणि देशांत बराच प्रचार पावलेल्या एका मोजपट्टींत जेवण, पोषाख, भाषा, पैसा, वेळ इत्यादि अठरा विभाग असून प्रत्येकांत वीस, अशीं एकूण ३६० कौशल्यें सोप्याकडून कठीणाकडे मांडलेलीं आहेत. त्यावरून त्या एका मुलापुरता अभ्यासक्रम आंखला जातो, आणि ठराविक मुदतीनें तो पुन्हां तपासला जातो.

चौथा प्रकार सुशिक्षित घरांतून सर्वांत अधिक गैरसमजाचा ठरतो. मूल हुशार असतें, बोलण्यांत चलाख असतें, पण वाचतांना अडखळतें. 'घ' व 'ध', 'भ' व 'म' ह्यांची अदलाबदल करतें. पहिली वेलांटी उच्चाराच्या आधीं लिहावयाची कीं नंतर, ह्या कोड्यांत दरवेळीं सांपडतें. आईबाप त्यास आळशी म्हणतात, शिक्षक उनाड म्हणतात, आणि कांहीं काळानें मूलही स्वतःस ढ म्हणूं लागतें. ह्या अध्ययन-अक्षमतेला कायद्यानें विकलांगतेच्या यादींत स्थान मिळालें तें २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें. १९९५ च्या कायद्यांत सात प्रकार होते. नव्या कायद्यांत ते एकवीस झाले. जितके प्रकार वाढले, तितकी शिक्षकाची जबाबदारीही वाढली.

ही विद्या ह्या देशांत एका दिवसांत आली नाहीं. मुंबईंत मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. अमृतसर येथें ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनीं १८८७ मध्यें अंधांसाठीं शाळा काढली. कलकत्त्याची मूकबधिर शाळा १८९३ ची. आणि मुंबईंत ॲना मिलर्ड बाईंची अंधशाळा १९०० ची. ह्या काळांत शिक्षक तयार करणारी व्यवस्था नव्हती. कलकत्त्याच्या यामिनीनाथ बॅनर्जींना ही विद्या मिळविण्यासाठीं इंग्लंड-अमेरिकेस जावें लागलें. ज्यांना तसें जातां येत नसे, ते जुन्या शिक्षकाच्या हाताखालीं राहून, पाहून, चुकून शिकत. त्यांच्या निष्ठेला तोड नाहीं. १९४४ मध्यें मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या मुलीच्या निमित्तानें मंदबुद्धि मुलांची शाळा काढली, ती जय वकील ह्या नांवानें आजही चालू आहे. परंतु निष्ठा वारशानें देतां येत नाहीं आणि अनुभव माणसाबरोबर जातो. प्रत्येक नव्या शिक्षकानें पहिल्या कांहीं मुलांवर हात बसवावयाचा, ही रीत त्या मुलांना फार महाग पडणारी होती.

ह्या अडचणीवर उपाय म्हणून १९८६ मध्यें भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. सप्टेंबर १९९२ मध्यें संसदेनें तिच्यासाठीं कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून तिला वैधानिक अधिकार मिळाले. डॉक्टरांची परिषद वैद्यकाच्या बाबतींत जें काम करते, तेंच काम ही परिषद विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ, वाणी-उपचारक इत्यादींच्या बाबतींत करते. अभ्यासक्रम ती ठरविते, तो शिकविणाऱ्या संस्थांना मान्यता देते, आणि उत्तीर्ण झालेल्यांचीं नांवें केंद्रीय पुनर्वास नोंदवहींत चढविते. कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणें, मान्य पात्रता आणि नोंदवहींत नांव असल्यावांचून कोणालाही सरकारी वा स्थानिक संस्थेंत असल्या पदावर राहतां येत नाहीं किंवा देशांत कोठेंही हा व्यवसाय करतां येत नाहीं. नियम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आतां प्रत्यक्ष मार्ग कसा आहे तें पाहावें. बारावी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास विशेष शिक्षणाची पदविका, म्हणजे डी. एड., घेतां येते. तिची मुदत दोन वर्षांची असून ती मुख्यतः बालवयाच्या व प्राथमिक वर्गांसाठीं उपयोगी पडते. पदवीधरास विशेष शिक्षणांतील बी. एड. करतां येतें. पूर्वी एक वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा करण्यांत आला. दोहोंच्या प्रवेशास सामान्यतः निदान ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत असते. त्यापुढें एम. एड. करून शिक्षकांचा शिक्षक होतां येतें.

प्रवेशाच्या वेळींच उमेदवारास आपली शाखा निवडावी लागते : श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता, बहुविकलांगता इत्यादि. बालमानसशास्त्र, शिक्षणाचें तत्त्वज्ञान, शालेय विषयांच्या अध्यापनपद्धति हे विषय सर्वांस समान असतात. आपल्या शाखेखेरीज इतर विकलांगतांची तोंडओळखही करून घ्यावी लागते, कारण निसर्ग शाखा पाहून मुलांना जन्म देत नाहीं. बहिऱ्या मुलाची दृष्टिही अधू असूं शकते. बाकीचा मोठा भाग प्रात्यक्षिकांचा असतो. विशेष शाळेंत, सर्वसाधारण शाळेंत, तसेंच तपासणीच्या केंद्रांत विद्यार्थी-शिक्षकानें प्रत्यक्ष काम करावें लागतें; एकेका मुलाचा सविस्तर वृत्तांत लिहून त्याच्यापुरती शिक्षणयोजना आंखावी लागते. अशा शिक्षणाच्या संस्थांत मुंबईंत वांद्रे येथें १९८३ मध्यें स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण ह्या शाखेसाठीं, सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था बौद्धिक अक्षमतेसाठीं, आणि देहरादूनची दृष्टिदोषासाठीं प्रसिद्ध आहे.

येथें उमेदवारानें एक सावधगिरी बाळगावी. परिषदेची मान्यता ही एकदां दिली म्हणजे कायमची, अशी नसते. ती विशिष्ट संस्थेला, विशिष्ट अभ्यासक्रमासाठीं, ठरलेल्या मुदतीपुरती व ठरलेल्या विद्यार्थिसंख्येपुरती दिलेली असते. मोठी इमारत आणि आकर्षक जाहिरात पाहून प्रवेश घेतला, दोन वर्षें आणि आईबापांचे पैसे खर्ची घातले, आणि नंतर कळलें कीं अभ्यासक्रमाला मान्यताच नव्हती, तर हातीं कागद राहतो, पण नोंदवहींत नांव चढत नाहीं. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी परिषदेची यादी पाहणें, हा ह्या व्यवसायांतील पहिला धडा समजावा. नांव चढल्यावरही तें कायमचें राहत नाहीं. ठराविक मुदतीनें त्याचें नूतनीकरण करावें लागतें आणि त्यासाठीं मधल्या काळांत मान्य वर्गांना व परिषदांना हजर राहून ज्ञान ताजें ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो.

सर्वसाधारण शाळेंत नेमणूक हवी असेल, तर आणखी एक दार ओलांडावें लागतें. तेथें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे नियम लागू होतात. पहिली ते आठवी ह्या इयत्तांसाठीं शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आणि २०१० च्या नियमांनीं विशेष शिक्षणाची डी. एड. किंवा बी. एड. असलेल्यास नेमणुकीनंतर प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम सांगितला. दोन परिषदा, दोन नियमावल्या, आणि त्यांच्या मध्यें उभा असलेला तरुण उमेदवार, हें चित्र फारसें सुखाचें नाहीं.

त्याहून दुःखाची गोष्ट अशी कीं, इतक्या कसोट्या उतरून आलेल्या शिक्षकाला पुष्कळ ठिकाणीं वर्षानुवर्षें कंत्राटावर राहावें लागलें. एकच शिक्षक अनेक शाळांतून फिरावयाचा. आज ह्या गांवीं, उद्यां त्या गांवीं. मुलाच्या वांट्यास आठवड्यांतून एखादा तास. सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑक्टोबर १९२१ च्या नव्हे, तर आपल्याच काळांतील २०२१ च्या त्या तारखेच्या निकालांत ह्या स्थितीची दखल घेतली आणि प्रमाण घालून दिलें : प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागें एक विशेष शिक्षक, आणि वरच्या वर्गांत पंधरांमागें एक. मार्च २०२५ मध्यें न्यायालयानें सर्व राज्यांना ह्या प्रमाणानें पदें निश्चित करून जाहीर करण्यास व तीं पात्र शिक्षकांनीं भरण्यास फर्माविलें. दरम्यान महाराष्ट्र शासनानें २०२४ मध्यें केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांचीं पदें निर्माण करण्याचा निर्णय घेतला. शिक्षकाच्या सनदेविषयीं कायदा जितका कडक आहे, तितकाच त्याच्या भाकरीविषयीं असावा, ही मागणी अवाजवी म्हणतां येणार नाहीं.

ह्या सर्वांवर एक आक्षेप घेण्यांत येतो. सनद मिळाली म्हणून माया येत नाहीं. कागद हातांत असूनही मुलावर खेकसणारा शिक्षक असूं शकतो, आणि कागद नसलेली एखादी बाई मुलाला जीव लावते. हा आक्षेप खोटा नाहीं. पण त्याचा अर्थ सनद नको असा होत नाहीं. सनद ही पुरेशी नसून आवश्यक आहे, एवढाच होतो. मायेनें मूल शाळेंत रमेल. परंतु 'स' त्याच्या कानीं पडत नाहीं हें मायेला दिसणार नाहीं. जीव लावणाऱ्या त्या बाईंनींच दोन वर्षें शिकून सनद घेतली, तर त्यांच्या मायेला हात आणि डोळे फुटतील.

पालकांच्या दृष्टीनें ह्या चर्चेचें तात्पर्य लहानसें आहे. शाळा निवडतांना बागेंतील झोपाळे पाहावेत, बाईंचा स्वभाव पाहावा. पण त्याबरोबर एक प्रश्न निःसंकोचपणें विचारावा : मुलाला शिकविणाऱ्यांचा नोंदणी-क्रमांक काय, आणि सनद कोणत्या शाखेची? असें विचारण्यांत अविश्वास नाहीं. कायद्यानें ती नोंदवही सार्वजनिक दस्तऐवज ठरविली आहे, ती पालकांनीं पाहावी म्हणूनच. ज्या शिक्षकानें खरोखर विद्या मिळविली आहे, त्याला ह्या प्रश्नाचा राग येत नाहीं. उलट आपल्या श्रमांची कोणी तरी किंमत ओळखली, ह्याचें समाधानच वाटतें. आणि ज्या मुलासाठीं तो प्रश्न विचारला जातो, त्याच्या वाढीचीं वर्षें अदमासावर खर्ची पडत नाहींत.